नगरची छावणी ते ल्हासा: हॅररचे पलायन नेमके कशामुळे यशस्वी झाले?

उत्तराखंडमधील हर्षिलच्या वरचे नेलंग खोरे गेल्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने पर्यटकांसाठी खुले झाले. २०२१ मध्ये तिथल्या गरतांग गलीचा खडकाला चिकटलेला जुना लाकडी मार्गही दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाला. गंगोत्रीकडे जाणारे महाराष्ट्रातील अनेक ट्रेकर आता या बाजूला वळतात, आणि या खोऱ्याविषयी काहीही वाचू लागले की त्यांना हाइनरिश हॅरर हे नाव भेटते. दुसऱ्या महायुद्धात डेहराडूनच्या छावणीतून पळून, याच खोऱ्यातून हिमालय ओलांडून तिबेटमध्ये गेलेला हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक होता. त्याने लिहिलेले आत्मकथन जगभर खपले, त्यावर चित्रपट निघाला. मात्र ही कथा साहसकथा म्हणून इतक्या वेळा सांगितली गेली आहे की वाचकाला पडणारे साधे प्रश्न तसेच राहतात. ज्याने कोणताही गुन्हा केला नव्हता, त्याला साडेचार वर्षे कोणत्या कायद्याने कोंडले? जवळ गोवा असताना त्याने तिबेट का निवडला? आणि तिबेटमध्ये पोहोचल्यावर इंग्रजांनी त्याला हात का लावला नाही?

माझ्या मते या कथेतील सर्वांत अवघड अडथळा डोंगर नव्हता. स्वित्झर्लंडमधील आयगर शिखराची अतिशय अवघड उत्तर भिंत पहिल्यांदा चढणाऱ्या चौघांपैकी एकासाठी हिमालयातील एक खिंड ही कष्टाची असली तरी ओळखीची गोष्ट होती. अडथळा होता तो कोणत्या सरकारचा हुकूम कुठपर्यंत चालतो याचा, आणि जिथे तो संपतो तिथे राहू देणारा एखादा कागद मिळण्याचा.

गुन्हा नसताना कैद कशी?

हॅरर १९३९ मध्ये नंगा पर्वताच्या मोहिमेसाठी भारतात आला, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. मोहिमेचे नेतृत्व पेटर आउफश्नायटर याच्याकडे होते आणि लुट्झ चिकन व हान्स लोबेनहोफर हे उरलेले दोन सदस्य होते. पर्वताच्या दियामिर बाजूची पाहणी करून चौघे ऑगस्टच्या अखेरीस कराचीला परतले आणि युरोपला नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत राहिले. जहाज आलेच नाही. आउफश्नायटर वगळता तिघांनी मोटारीने लासबेलामार्गे इराण गाठण्याचा प्रयत्न केला, पण त्यांना परत आणण्यात आले. ३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारले आणि चौघांनाही अटक झाली.

या अटकेला स्थानबद्धता म्हणतात. खटला, आरोपपत्र आणि शिक्षा यांच्याशी तिचा संबंध नसतो. गणेशोत्सवाच्या तोंडावर पोलीस काही लोकांना प्रतिबंधात्मक कारवाईत ताब्यात घेतात. तिथे अमुक माणसाने काल काय केले यापेक्षा तो उद्या काय करू शकेल हे पाहिले जाते. युद्धकाळातील स्थानबद्धतेचे तर्कशास्त्र हेच असते, फक्त संशयाला व्यक्तीचा पूर्वेतिहास लागत नाही, पासपोर्ट पुरतो. जर्मन पासपोर्ट म्हणजे शत्रुदेशीय नागरिक, मग तो मिशनरी असो, कारखान्यातला अभियंता असो वा गिर्यारोहक. हॅरर आणि आउफश्नायटर दोघेही ऑस्ट्रियन होते, पण मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीला जोडून टाकल्यामुळे कायद्याच्या नजरेत ते जर्मनच होते.

या सरधोपट पद्धतीचा सर्वांत कडवट परिणाम ज्यू निर्वासितांनी भोगला. हिटलरच्या छळातून जीव वाचवून भारतात आलेल्या आणि जर्मन कागदपत्रे बाळगणाऱ्या अनेकांना सुरुवातीला नाझी समर्थकांसोबत एकाच छावणीत राहावे लागले. पुढे चौकशी होऊन त्यांतील बरेच जण सुटले. हॅररची सुटका चौकशीने झाली नसती. त्याची कारणे शेवटी येतील.

नगर, देवळाली आणि डेहराडून

मराठी वाचकाला सहसा माहीत नसलेला भाग असा की या कैदेची सुरुवात महाराष्ट्रात झाली. चौघांना आधी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत ठेवले गेले. हे शहर ब्रिटिशांच्या दृष्टीने या कामासाठी सवयीचे होते; पहिल्या महायुद्धातही जर्मनांना इथेच कोंडले होते. नगरहून कैद्यांना नाशिकजवळच्या देवळालीला हलवताना हॅररने पळण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. डिसेंबर १९३९ मध्ये, तो छावणीत असतानाच, त्याला तिकडे युरोपात मुलगा झाला. त्याची पत्नी लोटे ही खंडांच्या सरकण्याचा सिद्धान्त मांडणाऱ्या आल्फ्रेड वेगेनर यांची मुलगी. हे लग्न १९४३ मध्ये मोडले.

१९४१ मध्ये या कैद्यांना डेहराडूनजवळच्या प्रेमनगरला नेण्यात आले. ही छावणी म्हणजे काटेरी तारांच्या दुहेरी कुंपणाने वेढलेले एक छोटे गावच होते. आतमध्ये वेगवेगळे विभाग होते आणि प्रत्येक विभागाला स्वतंत्र कुंपण होते. तिथे व्यापारी होते, खलाशी होते, पाद्री होते, आणि श्रीलंकेतून आणलेले जर्मन बौद्ध भिक्षूही होते. त्यांतले न्यानपोनिक थेर यांनी पाली ग्रंथांच्या भाषांतराचे मोठे काम याच कुंपणाआड केले. लामा गोविंद हेही इथेच होते. ज्याला ग्रंथ हवे होते त्याने ग्रंथ धरले. हॅररने नकाशे आणि हिंदी, तिबेटी भाषा धरल्या. खिडकीतून मसुरीच्या रांगा दिसत असताना गिर्यारोहकाला दुसरे काही सुचणेही कठीण होते.

पळून जाण्याची शिक्षा एवढी सौम्य का?

एप्रिल १९४४ च्या यशस्वी पलायनाआधीही, १९४३ मध्ये, हॅरर मार्केसे नावाच्या एका इटालियन जनरलसोबत पळाला होता. गंगेच्या वरच्या खोऱ्यात दोघे पकडले गेले, आणि हॅररला शिक्षा झाली ती २८ दिवसांच्या एकांतवासाची. युद्ध चालू असताना शत्रूच्या माणसाने पळ काढला आणि त्याला महिनाभरही शिक्षा नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. काही जण त्यात इंग्रजांचा दिलदारपणा पाहतात.

त्यामागे दिलदारपणापेक्षा करार होता. युद्धकैद्यांविषयीच्या १९२९ च्या जिनिव्हा कराराने असे ठरवले होते की पळालेला कैदी स्वतःच्या सैन्याला मिळण्यापूर्वी पुन्हा पकडला गेला, तर त्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येईल आणि तीत कोठडीची मुदत ३० दिवसांहून जास्त असता कामा नये. पळणे हा कैद्याचा गुन्हा मानायचा नाही, ही त्यामागची भूमिका. हा करार खरे तर सैनिकांसाठी होता. स्थानबद्ध नागरिकांसाठी वेगळा जिनिव्हा करार व्हायला १९४९ उजाडले, पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि जर्मनीने एकमेकांच्या नागरिकांनाही १९२९ चेच नियम साधारणपणे लावले. कारण उघड होते: ब्रिटनचेही हजारो लोक जर्मनीच्या ताब्यात होते. इथे एखाद्या जर्मनाला वाईट वागवले तर तिथे कुणा इंग्रजाला त्याची किंमत मोजावी लागली असती.

याच काळात नगरच्या किल्ल्यात काँग्रेस कार्यकारिणीचे नेते ऑगस्ट १९४२ पासून खटल्याविना कैदेत होते. त्यांना मात्र कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराचे संरक्षण नव्हते, कारण सरकार आपल्याच प्रजेला कोंडते तेव्हा त्याला जाब विचारणारा दुसरा पक्ष नसतो. शत्रूच्या नागरिकाला असलेले संरक्षण आपल्याच देशात आपल्या नेत्यांना नव्हते, ही गोष्ट हॅररच्या कोणत्याही चरित्रात सापडणार नाही, पण मराठी वाचकाने ती लक्षात ठेवायला हरकत नाही.

मग गोव्याला का गेले नाहीत?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो आणि तो रास्तही आहे. पोर्तुगाल युद्धात तटस्थ होते, म्हणजे कोणत्याच बाजूने लढत नव्हते, आणि गोवा त्याच्या ताब्यात होता. नगर वा देवळालीहून पाहिले तर ही तटस्थ भूमी तिबेटपेक्षा कितीतरी जवळ होती. सह्याद्री उतरून तिथवर जाणे हिमालय ओलांडण्यापेक्षा कितीतरी सोपे.

पण गोव्यात पोहोचून पुढे काय? मुरगाव बंदरात एहरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स ही तीन जर्मन व्यापारी जहाजे आणि आंफोरा हे इटालियन जहाज युद्ध सुरू झाल्यापासून अडकून पडली होती. बाहेरच्या समुद्रावर ब्रिटिश आरमाराचा पहारा होता आणि जमिनीवर तिन्ही बाजूंना ब्रिटिश भारत. जहाज जवळ असूनही त्या खलाशांना गोवा सोडता येत नव्हता, तर चालत आलेल्या कैद्याला कसा सोडता आला असता? शिवाय गोव्याची तटस्थताही अभेद्य नव्हती. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतील, मध्यमवयीन कारकुनी-व्यापारी पेशाच्या माणसांनी एका संथ बार्जमधून येऊन एहरेनफेल्सवर हल्ला केला. त्या जहाजातून जर्मन पाणबुड्यांना गुप्त संदेश जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. जर्मनांनी जहाज स्वतःच पेटवून बुडवले आणि इतर जहाजांनीही तेच केले. तटस्थ बंदरात घडवलेली ही कारवाई ब्रिटिशांनी कित्येक दशके दडवून ठेवली.

तेव्हा पळणाऱ्यापुढे प्रत्यक्षात दोनच दिशा उरत होत्या. एक पूर्वेची: ब्रह्मदेशात जर्मनीचा मित्र असलेल्या जपानचे सैन्य होते, पण डेहराडूनपासून ते सुमारे दोन हजार किलोमीटर दूर. दुसरी उत्तरेची: तिबेटची सीमा सरळ रेषेत जेमतेम दीडशे किलोमीटरवर, पण मध्ये हिमालय.

दुपारच्या उन्हात, मुख्य दरवाजातून

२९ एप्रिल १९४४ च्या पलायनात या दोन्ही दिशा वापरल्या गेल्या. कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवी लागत असे, त्यामुळे काटेरी तार दुरुस्त करणाऱ्या मजुरांच्या टोळ्या छावणीत नेहमीच ये-जा करत. सात जणांनी अशीच एक टोळी उभी केली. रोल्फ मागेनर आणि हाइन्स फॉन हावे हे दोघे उत्तम इंग्रजी बोलणारे. ते ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या गणवेशात, एकाच्या हातात छडी आणि दुसऱ्याच्या हातात नकाशाची गुंडाळी. हॅरर, आउफश्नायटर, ब्रुनो ट्राइपेल, हान्स कोप आणि झाटलर या पाच जणांनी डोकी भादरली, कातडीला काळपट रंग फासला, डोक्याला मुंडासे बांधले आणि शिडी, तारेचे भेंडोळे व डांबराचे भांडे उचलले. जेवणानंतरच्या उन्हात ही टोळी दरवाजातून बाहेर पडली आणि पहारेकऱ्यांनी साहेबांना सलाम ठोकला.

हा प्रसंग नेहमी हुशारीचा नमुना म्हणून सांगितला जातो. मला त्यात वसाहतीच्या व्यवस्थेचे एक नेमके चित्र दिसते. पहारेकऱ्याला साहेबाचा चेहरा निरखून पाहण्याचा अधिकार नव्हता आणि मजुराचा चेहरा पाहण्याची कुणाला गरज वाटत नव्हती. गणवेश आणि डांबराचे भांडे या दोन गोष्टींनी सात युरोपीय माणसे अदृश्य केली.

बाहेर पडताच वाटा वेगळ्या झाल्या. मागेनर आणि फॉन हावे यांनी सरळ रेल्वेने कलकत्ता गाठले, तिथून चितगावच्या बाजूने ब्रह्मदेशातल्या आराकानमध्ये शिरले आणि महिनाभरात जपानी सैन्यापर्यंत पोहोचले. त्या वेळी इंफाळ-कोहिमाची लढाई पेटलेली होती. जपान्यांनी मित्रराष्ट्राच्या या नागरिकांचे स्वागत त्यांना हेर समजून कोठडीत टाकून केले. पुढे खात्री पटल्यावर त्यांना टोकियोला जाऊ दिले. निव्वळ योजना आणि वेग पाहिला तर या दोघांचे पलायन अधिक सरस होते, पण त्यात बर्फ आणि याक नसल्यामुळे ते कुणाच्या फारसे लक्षात राहिले नाही.

नेलंगची वाट

उरलेल्या पाच जणांनी यमुना आणि भागीरथीच्या खोऱ्यांतून रात्री चालायचे आणि दिवसा लपायचे, असा क्रम ठेवला. हर्षिलच्या वर, भैरोंघाटीला, भागीरथीला जाड गंगा ही उपनदी मिळते आणि तिच्या वरच्या अंगाला नेलंग आहे. नेलंग आणि जादुंग ही जाड भोटिया लोकांची गावे. हे लोक तिबेटशी मीठ आणि लोकर यांचा व्यापार करत, उन्हाळ्यात वर राहत आणि थंडीत जनावरांसह खाली उतरत. एप्रिल-मे हा या चक्रातील मधला काळ: बर्फ सरकू लागलेले, पण माणसे अजून वर परतलेली नाहीत. पळणाऱ्याला ओस गावासारखी सोय दुसरी नाही. (१९६२ च्या युद्धात ही गावे रिकामी करून लोकांना खाली बगोरी आणि डुंडा येथे हलवण्यात आले, नेलंगचे ते जुने जीवन तिथेच संपले.)

उंचीचा त्रास होऊन झाटलर मागे फिरला. १७ मे १९४४ रोजी चौघे त्सांगचोक ला या सुमारे ५,२०० मीटर उंचीच्या खिंडीवर उभे राहिले आणि पलीकडे तिबेटमध्ये उतरले. छावणी सोडून अवघे अठरा दिवस झाले होते. तिथून ल्हासाला पोहोचायला त्यांना वीस महिने लागले, आणि हा फरकच सांगतो की खरी अडचण कुठे होती.

तिबेट तटस्थ होता म्हणजे नेमके काय?

तिबेटचे सरकार १९१३ पासून प्रत्यक्षात स्वतःचा कारभार स्वतः पाहत होते. चीन त्यावर हक्क सांगत होता, ब्रिटन चीनचे नाममात्र अधिराज्य आणि तिबेटची स्वायत्तता अशी दुहेरी भाषा बोलत होते, आणि यांपैकी कुणाचेही सैन्य तिबेटचा कारभार चालवत नव्हते. युद्धात तिबेटने कोणतीच बाजू घेतली नाही. १९४२ मध्ये चीनला युद्धसामग्री पोहोचवण्यासाठी तिबेटमधून मार्ग मागितला गेला, तेव्हाही लष्करी सामग्रीला ल्हासाने परवानगी नाकारली.

१९०७ च्या हेग करारात असे कलम आहे की तटस्थ देशात पळून आलेल्या युद्धकैद्याला त्या देशाने मोकळे सोडावे, फार तर राहण्याची जागा ठरवून द्यावी. तिबेटने अशा कोणत्याही करारावर सही केलेली नव्हती, पण त्याचे वागणे साधारण तसेच होते. या तत्त्वाचे मोल किती, ते कोपच्या नशिबावरून कळते. ट्राइपेल आधीच थकून परतला होता. कोपने काही महिन्यांनी नेपाळची वाट धरली. नेपाळ ब्रिटनच्या बाजूने युद्धात उतरलेला असल्यामुळे तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला पकडून इंग्रजांच्या हवाली केले. त्याच हिमालयाच्या दोन उतारांपैकी एकावर तो पाहुणा होता आणि दुसऱ्यावर फरारी.

तिबेटने त्यांना परत केले नाही, पण राहूही दिले नाही. परवान्याशिवाय परदेशी माणसाला देशात प्रवेश नव्हता, आणि अधिकाऱ्यांनी मनाई केली की गावकरी पिठाची मूठही विकत नसत. पश्चिम तिबेटातील गारतोकच्या अधिकाऱ्याने त्यांना नेपाळच्या सीमेपर्यंतचा परवाना दिला. त्यावर ते क्यिरोंगपर्यंत आले आणि तिथे अनेक महिने राहिले. नोव्हेंबर १९४५ मध्ये, आता इथून हाकलतील हे दिसल्यावर, हॅरर आणि आउफश्नायटर चांगथांग पठारावरून निघाले. ऐन हिवाळ्यात, आर्मिन नावाच्या याकाच्या पाठीवर सामान लादून आणि खम्पा लुटारूंना चुकवत, १५ जानेवारी १९४६ रोजी ते ल्हासात पोहोचले. वाटेत कुणी हटकले तर तो जुना, निरुपयोगी झालेला परवाना ते ऐटीत पुढे करत.

युद्ध तर मे १९४५ मध्येच संपले होते ना?

युरोपातील युद्ध संपले, पण छावणी संपली नव्हती. डेहराडूनच्या जर्मन कैद्यांना मायदेशी पाठवायला १९४६ चा शेवट उजाडला. म्हणजे दोघे मे १९४५ मध्ये भारतात परतले असते, तर जवळपास दीड वर्ष पुन्हा त्याच तारांआड गेले असते.

ल्हासात १९३६ पासून ब्रिटिश मिशन होते आणि त्याचे प्रमुख ह्यू रिचर्डसन यांना हे दोघे कोण हे पक्के ठाऊक होते. तरी बळाने उचलून नेण्यासाठी ना तिथे ब्रिटिश फौज होती, ना युद्धानंतर तशी निकड. तिबेट सरकारनेही त्यांना निघून जाण्याचा हुकूम दिला होता, पण नेमका तेव्हाच हॅररला सायटिकाने अंथरुणाला खिळवले आणि हुकूम लांबत गेला. एव्हाना दोघे उपयोगीही ठरू लागले होते. शेतीतज्ज्ञ आउफश्नायटरने कालवे आखले आणि हॅररसोबत ल्हासा शहराचा नकाशा तयार केला. हॅरर परदेशी बातम्यांची भाषांतरे करू लागला, आणि पुढे तरुण दलाई लामांना भूगोल, इंग्रजी वगैरे शिकवू लागला. १९५०-५१ मध्ये चिनी सैन्य आल्यावर त्याने तिबेट सोडला.

हॅरर नाझी होता, त्याचे काय?

हा आक्षेप टाळून ही कथा सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. हॅरर १९३८ मध्ये नाझी पक्षात आणि एसएस या हिटलरच्या निमलष्करी संघटनेत दाखल झाला होता. आयगरच्या चढाईनंतर विजेत्या चौघांचे हिटलरसोबत छायाचित्र निघाले, ते प्रसिद्ध आहे. आपल्या आत्मकथनात त्याने यांतले सदस्यत्व सांगितले नाही. १९९७ मध्ये, चित्रपट येण्याच्या सुमारास, एका ऑस्ट्रियन पत्रकाराने कागदपत्रे बाहेर काढली. मग हॅररने ती तरुणपणीची चूक होती असे म्हटले आणि गणवेश आपण एकदाच, लग्नात, घातल्याचे सांगितले. त्याने कुणावर अत्याचार केल्याचा पुरावा पुढे आलेला नाही, आणि युद्धाचा बहुतेक काळ तो कैदेत किंवा तिबेटात होता, हेही खरे. पण पंचवीस वर्षांच्या माणसाने केलेली निवड लपवणारा माणूस पुढे पन्नाशीचा, साठीचा, ऐंशीचा झाला होता. तेवढ्या वर्षांच्या मौनाला तारुण्याची सबब लागू पडत नाही.

यावरून कुणी असा निष्कर्ष काढील की इंग्रजांचा संशय बरोबरच होता. हॅररपुरते ते मान्य करावे लागेल. जर्मन मोहिमा आणि नाझी राजवट यांचे लागेबांधे होतेच. एसएसच्या आश्रयाने गेलेली एर्न्स्ट शेफरची तिबेट मोहीम १९३९ च्या ऑगस्टमध्येच परतली होती. पण इंग्रजांनी त्याला एसएसचा सदस्य म्हणून पकडले नव्हते, जर्मन पासपोर्ट बाळगणारा म्हणून पकडले होते, आणि त्याच पासपोर्टवर त्यांनी ज्यू निर्वासितांनाही पकडले होते. जाळे बरोबर मासा घेऊन आले म्हणून ते नीट विणलेले होते असे ठरत नाही.

आउफश्नायटरही नाझी पक्षाचा सदस्य होता, पण त्याची पुढची वाट वेगळी गेली. कांचनजंगाच्या १९२९ आणि १९३१ च्या मोहिमांपासून त्याने तिबेटी भाषेचा अभ्यास केला होता, आणि वीस महिन्यांच्या त्या वाटचालीत अधिकाऱ्यांशी बोलणी करण्याचा भार मुख्यतः त्याच्यावर असे. त्याने हयातीत या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. तिबेट सोडल्यावर तो नेपाळमध्ये राहिला, तिथे शेती आणि नकाशांचे काम करत राहिला, त्याने नेपाळचे नागरिकत्व घेतले, आणि १९७३ मध्ये इन्सब्रुक येथे त्याचे निधन झाले.